कूलरमधल्या करवती

बाबांच्या तीन करवतींचा गंज कसा काढायचा, हे मला मोबाइलवरच्या एका व्हिडिओनं शिकवलं.

बाबा सुतारकाम करायचे. त्यांची तेवढीच आठवण माझ्याकडे होती. पण आष्टीहून माझ्या मोठ्या भावाचा, दादाचा, फोन आला. "तुह्यापाशी नुसत्या सडून राह्यल्या त्या! शनिवारी येतो अन् घेऊन जातो!"

"चकचकीत करून दाखवतो!" मी तावातावानं म्हणालो.

व्हिडिओतला माणूस सांगत होता, दोन दिवस व्हिनेगरमध्ये बुडवा. पण एवढी लांब करवत बुडवायची कशात, हे काही तो पठ्ठ्या सांगेना! बादलीत उभी केली तर अर्धी बाहेर. मी परातीकडे पाहिलं.

"तिच्यात कणीक भिजते!" बायको, सुनंदा, कडाडली.

"मग नातवाचा आंघोळीचा टब?"

"हात तर लावून पाहा!"

शेवटी बैठकीतला कूलर दिसला. बाजूंना वाळ्याच्या नव्या ताट्या लावलेल्या, पण यंदा अजून सुरू केलेला नव्हता. खालची प्लास्टिकची टाकी ऐसपैस! मुठी काढून करवती आत निजवल्या, व्हिनेगर ओतलं, कमी पडलं तिथं पाणी. सुनंदाला सांगितलं नाही (जिवावर उदार झालो नव्हतो).

शनिवारी भर दुपारी दादा आला. अंगात कडक इस्त्रीचा पांढरा सदरा. "काय तपून राह्यलं बाप्पा!"

सुनंदाचा हात कूलरच्या बटणाकडे गेला.

"थांब! सर्दी होईल दादाले!"

"एवढ्या उन्हात?" तिनं बटण दाबलं.

आधी वास आला. "सुनंदा, लोणचं टाकून राह्यली का वं?" दादानं विचारलं. मग बारीक तुषार उडू लागले. "वा, मस्त थंडगार हाय!" म्हणत त्यानं खुर्ची आणखी पुढे ओढली! 'दादा, कूलरमध्ये बाबांच्या करवती आहेत,' हे कोणत्या तोंडानं सांगायचं?

सुनंदा पन्हं घेऊन आली आणि किंचाळली. "माय वं! दादा, तुमाले गोवर निघाला!"

सदऱ्यावर, कपाळावर, टकलावर तांबूस ठिपकेच ठिपके. ती डॉक्टरला फोन लावू लागली, तेव्हा कुठे मी सगळं कबूल केलं.

दादानं करवती बाहेर काढल्या. खरंच लखलखत होत्या! एकीवरून त्यानं हळूच बोट फिरवलं. "बाबाच्या हातात अशाच दिसत होत्या. ठेव तुह्यापाशीच."

मला गहिवरून आलं. मी जिंकलो होतो!

कूलरचा पंप मात्र गंजाच्या गाळानं कायमचा बसला, आणि टाकीचा वास आजही जात नाही. आता भिंतीवर तीन करवती चकाकतात, आणि त्यांच्याखाली बसून मी रोज दुपारी सुनंदाला पुठ्ठ्यानं वारा घालतो!