बुश ठेवायचा की काढायचा

बेळगावच्या खासबागेत आम्ही बायका दुपारी वाती वळायला बसलो की प्रत्येकीकडून सासूचे, जावेचे किस्से निघतात. माझ्याकडचे सगळे एका लेथचे! त्याच्यापायी नवरा पुण्यात आणि मी इथं, अशी सहा वर्षं गेली. एवढ्यात किस्से साठायचेच.

*

हे पुण्याच्या कारखान्यात स्विस लेथवर, म्हणजे सळई कातून पिना करायच्या यंत्रावर होते. एकदा सुट्टीला आले, तेव्हा मी शेवग्याच्या शेंगा चिरत होते. "लांबून धरलीस तर शेंग हलणार. सुरीजवळ बोट टेकव. ते बोट म्हंजे गाइड बुश. लांब, बारीक पिनेला तो पायजेच. आखूड कामाला नुसती मूठ बास, बुश काढून टाकायचा. तसल्या बिनबुशाच्या लेथला चकर म्हणायचं."

हे सांगताना ह्यांनी माझंच बोट धरून शेंगेवर टेकवलं होतं. त्या दिवशी आमटीला मी चार शेंगा जास्त चिरल्या.

*

मग ह्यांच्या चुलत्यांनी, आप्पांनी, इथल्याच उद्यमबागेतल्या आपल्या वर्कशॉपसाठी एक जुना स्विस लेथ घेतला. ह्यांना म्हणाले, "लांब पिनांचं काम लागलं तर बुश बसवायला तूच पायजेस. मग कायमचा ये. आखूड काम आलं तर माझं मी बघतो."

म्हणजे बुश राहिला तर नवरा घरी. मी संकष्टी धरली आणि देवाला सरळच सांगितलं, लांब पिनांचं काम येऊ दे.

शेजारची आक्का म्हणाली, "बायका देवाकडं पोरं मागत्यात. ही पिना मागतीया."

*

गिऱ्हाइकाला दाखवायच्या नमुन्याच्या पिना करायला हे आठ दिवसांची रजा काढून आले. बुश लावला की प्रत्येक सळईचा वीतभर तुकडा वाया जातो, म्हणून आप्पांनी गुपचूप बुश काढून पिना केल्या. त्या टोकाला जाड झाल्या. मग बुश बसवला, तर सळई खडबडीत, ती आत अडकली. रजा संपली.

निघताना हे म्हणाले, "अगं, देवाला नुसत्या पिना मागू नको. घासून गुळगुळीत केलेली सळई पण माग."

पुढच्या संकष्टीला तेही मागितलं.

*

मी निपाणीला माहेरी होते. हे रविवारपुरते आप्पांचा लेथ बघायला येऊन परत निघाले होते. पुण्याला जाणारी ह्यांची गाडी तिथं दहा मिनिटं थांबायची. मी दशम्यांचा डबा घेऊन स्टँडवर गेले. काय काय बोलायचं, ते वाटेत जुळवून ठेवलं होतं.

हे खिडकीतून नऊ मिनिटं बोलले. बुश घट्ट नको, सैल नको, मधोमध बसायला पाहिजे, आप्पांना परत एकदा सांग. कंडक्टरनं घंटी दिली तेव्हा विचारलं, "तू वाळलीस काय गं?"

गाडी हलली. उत्तर मी पत्रातून पाठवलं.

*

श्रावणात आप्पा घरी आले. उंबऱ्यातूनच म्हणाले, "पोरी, पार्टी मिळाली. आखूड कॉलर, म्हंजे बारकी कडी, लई काम हाय. बुश काढून ठेवला."

मी चहा ठेवला. त्यात साखर घातली की नाही, आठवत नाही. आप्पांनी मुकाट्यानं प्यायला.

"त्याला पत्र टाकलंय मी," जाताना म्हणाले. "तू काय मनाला लावून घिऊ नको."

देवाला मी दोष दिला नाही. तुळशीला पाणी घातलं, सोमवारचा उपास केला.

चौथ्या दिवशी सकाळी रांगोळी घालत होते, तर दारात रिक्षा थांबली. हे उतरले. मागोमाग ट्रंक, गादीची वळकटी आणि पुण्याच्या खोलीतला रॉकेलचा स्टो.

मी घाईघाईनं म्हटलं, "अहो, आप्पांनी बुश काढला."

"म्हाईत हाय. पत्र मिळालं."

"मग?"

ह्यांनी रांगोळी ओलांडून स्टो आत नेला आणि आमच्या चुलीशेजारी ठेवला.

"पाणी तापलंय का?" आतून विचारलं. "आंघोळ करतो."