देवमासे आले तेव्हा आम्ही जेवत होतो

जहाजावरून मनात येईल तेव्हा उतरता येत नाही, हे काय मला कळत नव्हतं? पण अकरा दिवस एका जागी अडकायचं म्हणजे काय, हे चाकणच्या माणसाला आधी कसं समजणार, राव! वैतागलो की मी गाडीला किक मारतो आणि तळेगावला जाऊन चहा पिऊन येतो. इथं खिडकीबाहेर नुसतं पाणी, आणि चौथ्या दिवसापासून बर्फ.

अंटार्क्टिकाची ही सफर मुलगी-जावयानं आमच्या लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाला दिली. हट्ट बायकोचा. सांगवीच्या बालवाडीत तिनं तीस वर्षं फळ्यावर देवमासा काढला आणि पोरांना सांगितलं, की हा मासा नाही बरं का, हा वर येऊन आपल्यासारखा श्वास घेतो. तो एकदा डोळ्यांनी बघायचा होता तिला, बस. मला कसलं आलंय देवमाशाचं वेड? मी प्रेस शॉपचा माणूस, पत्रे ठोकण्यात आयुष्य गेलं.

कानही तिथंच गेले. हे मात्र मी कुणाला सांगितलं नव्हतं. आमच्याकडे कानात बोळे घालणाऱ्याला सगळे हसायचे, म्हणून बोळे खिशात राहायचे. त्या दणदणाटात आम्ही बोलायचोच मुळी हातवाऱ्यांनी, त्यामुळं आपल्याला कमी ऐकू येतंय हे ध्यानात यायला फार उशीर झाला. कंपनीत दरवर्षी कानांची तपासणी व्हायची. हेडफोनमध्ये बारीक शिट्टी वाजली की बटण दाबायचं. मी काचेपलीकडं शिट्टी वाजवणाऱ्या बाईच्या बोटाकडं बघायचो. बोट हललं की दाबलं बटण. रिटायर होईपर्यंत दरवेळी पास! केवढा हुशार मी. घरी मान डोलावून भागवत होतो.

जहाजावर ते भागेना. भिंतीतला स्पीकर दिवसभर इंग्रजीत काहीतरी सांगायचा. बायकोला इंग्रजी येत नाही, मला ऐकू येत नाही, आणि आम्हा दोघांखेरीज मराठी बोलणारं कुणी नाही. ती विचारायची, "अहो, काय म्हणाले?" मी घड्याळ बघून ठोकून द्यायचो. जेवणाची वेळ असली तर जेवण, नसली तर हवामान. हिमनग बघायला कान लागत नाहीत, म्हणून तीन दिवस खपून गेलं. निळसर बर्फाचे सुळके जहाजाहून उंच, त्यांच्या पायथ्याशी पेंग्विनची लगबग. बायको हरखून बघत राहायची. माझं लक्ष स्पीकरकडं, आता हा कधी बोलतोय याच धास्तीत.

परत फिरायच्या दिवशी तो बराच वेळ बोलला. "काय म्हणाले हो?" साडेबारा वाजले होते. "जेवण लागलंय, चल."

खाली हॉल रिकामा. वाढपीसुद्धा दिसेनात. "लवकर आलो वाटतं," म्हणत तिनं भात वाढून घेतला. आमचं निम्मं जेवण झालं तेव्हा लोक आत शिरले, गारठ्यानं लालबुंद झालेले, एकमेकांना मोबाइल दाखवत. एका म्हाताऱ्या गोऱ्या बाईनं कौतुकानं बायकोपुढं फोन धरला. जहाजाला खेटून दोन देवमासे. एकानं वर येऊन फवारा सोडला, मग शेपूट उंच करून बुडी मारली. बायकोनं शेवटपर्यंत पाहिलं, त्या बाईला हात जोडले आणि ताटातल्या भाताकडं बघत बसली.

मला तिथून पळून जायचं होतं. पण पळणार कुठं? केबिनमध्ये येऊन दार लावलं आणि दोघांना धड उभंही राहता येत नाही अशा त्या जागेत एकदाचं सांगून टाकलं.

"मला ऐकू येत नाही. जेवणाचं मी मनानंच सांगितलं. नोकरीत असतानाच कान गेलेत माझे, पंधरा वर्षं तरी झाली. तुझा देवमासा माझ्यामुळं हुकला."

वाटलं, आता रडेल, माझा चांगला उद्धार करेल. करायलाच हवा होता. ती पलंगावर बसली, माझा चेहरा आपल्याकडं वळवून घेतला आणि मला कळेल इतकं सावकाश म्हणाली,

"स्वयंपाकघरातून मी हाका मारायचे, त्या तुम्हाला ऐकूच यायच्या नाहीत?"

"नाही गं."

"मला वाटायचं, तुम्हाला माझा कंटाळा आलाय. म्हणून मी हाका मारणं सोडलं."