पाटावर बसलेली डिस्क

“सायेब, कम्प्युटर जागा व्हतोय आन् पुन्हा आडवा पडतोय. तुमी लगेच या.”

दसऱ्याच्या सकाळी मारुतीभाऊंचा फोन. कुसगावात भाऊंचं वीस खोल्यांचं हॉटेल आहे आणि तिथला लिनक्स सर्व्हर बसवल्यापासून मीच सांभाळतो. चाळीस पाहुण्यांची बस बाराला टेकणार होती. कोणाला कुठली खोली, दरीकडची कोणाची, सगळं त्या एका डब्यात. मागच्या दिवाळीत भाऊंनी अंदाजाने किल्ल्या वाटल्या आणि एकाच खोलीत दोन नवी जोडपी घातली. ते भांडण खंडाळ्यात अजून ऐकू येतं.

तळेगावहून स्कूटर अशी हाणली, की माझी सावली कामशेतलाच मागे राहिली.

काळ्या स्क्रीनवर पांढरी अक्षरं: इमर्जन्सी मोड. म्हणजे मशीन मेलेलं नाही, रुसलंय. मुख्य पासवर्ड द्या, मग बोलू, असं त्याचं म्हणणं. दिला. लॉग उघडला. लॉग म्हणजे मशीनची रोजनिशी. उठताना कुठे ठेच लागली ते त्यात असतं. बॅकअपच्या डिस्कची नव्वद सेकंद वाट पाहिली, ती आली नाही, म्हणून पुढचं सगळं अडलं. मागे वाकून बघितलं, तर केबल नुसतीच लोंबत होती.

“भाऊ, डिस्क कुठाय?”

“हितं कुणी हात लावत न्हाई.”

“पाटावर हाय,” दारातून पारूमावशी म्हणाल्या. हॉटेलची साफसफाई त्यांच्याकडे, आणि भाऊंना दम भरायचं कामही. “काल खंडेनवमीला समदी हत्यारं पुजली. मोठ्या डब्याचं बटण बंद करून त्याला आराम दिला. त्यो काय उचलंना, म्हून धाकटं पाटावर घेतलं.”

पाटावर कोयता, नट-बोल्टचे पाने, मिक्सरचं भांडं, आणि मधोमध झेंडूखाली डिस्क. मी हात पुढे केला.

“संध्याकाळी सोनं लुटल्याबिगर पूजा मोडायची न्हाई.”

“मावशी, बस येतीया,” भाऊ म्हणाले.

“येऊ द्या की. मोडा तुमी. मंग देव कोपून पाण्याचा पंप बंद पडला तर मला सांगू नका.”

भाऊ माझ्याकडे बघायला लागले. मी देवाशी अधूनमधून भांडतो. मावशींशी नाही.

मग दुसरी वाट. लिनक्सकडे एफएसटॅब नावाची एक फाइल असते. हा डिस्कांचा हजेरीपट. एखादी गैरहजर असली की शाळाच भरत नाही. पण तिच्या ओळीत ‘नोफेल’ एवढा शब्द टाकला, तर तिच्याशिवाय भरते. इथे तो शब्द नव्हता.

“कुठल्या गाढवानं केलंय हे सेटिंग?” मी मोठ्यांदा म्हणालो. आणि वरच्या ओळीतली टीप दिसली. माझं नाव, पुढे ‘कोणी हात लावू नये’.

“काय लिवलंय?” भाऊ वाकले.

“काही नाही. कंपनीकडून असंच येतं.”

टीप पुसली, शब्द टाकला, रिबूट केलं. भाऊंनी श्वास इतका आत ओढला की रिसेप्शनचे पडदे त्यांच्याकडे झुकले. लॉगिन आलं. बुकिंगची यादी उघडली. प्रिंट हातात पडते न पडते तोच फाटकात बसचा हॉर्न.

“म्हंजी माजं काय चुकलं न्हवतं?” मावशींनी विचारलं.

“नाही मावशी.”

“मंग गाढव कोण?”

मी चहा मागितला.

तेव्हापासून मी कुठलाही सर्व्हर बसवला, की त्याच दिवशी एकेक केबल काढून तो बंद करतो आणि पुन्हा चालू करून बघतो. आपली चूक आपण एकटे असताना सापडलेली बरी.