दुसऱ्या गालाचा प्रश्न

कात्रीकाकांच्या सलूनमध्ये दाढीचा दर चारचौघांसारखाच होता, नियम मात्र त्यांचा स्वतःचा. डावा गाल झाला की काका वस्तरा हवेत धरून एक प्रश्न विचारत, आणि पटेल असं उत्तर मिळाल्याशिवाय उजव्या गालाला हात लावत नसत. उत्तर न येणारी माणसं अर्ध्या तोंडाला फेस घेऊन ते शोधायला बाहेर पडत. त्या रस्त्यावर असा माणूस दिसला तर कुणी वळूनही बघत नसे; फार तर "आज काय विचारलंय?" एवढी चौकशी होई. माणसानं रोज थोडं शहाणं व्हावं, हा काकांचा ध्यास. त्यात ते गिऱ्हाइकालाही सोबत ओढत, इतकंच.

अशा रीतीनं ढेकर, भूकंप आणि आयुर्विमा हे तिन्ही विषय त्यांनी निकालात काढले होते. गाडी अडली होती ती एकाच ठिकाणी. आरसा डावं-उजवं उलटं दाखवतो, मग वर-खाली का नाही दाखवत? या प्रश्नापायी एक मास्तर अर्धी दाढी वाढवूनच निवृत्त झाले.

अशात काकांच्या मुलीचं लग्न जमायची वेळ आली. मुलाचे वडील बोलणी करायला येणार आणि आधी दाढी करून घेणार, असं ठरलं. पाणीखात्यातून निवृत्त झाल्यापासून हे गृहस्थ सोफ्यावर बसून फक्त "हं" म्हणतात, असं कानावर आलं होतं. मुलीनं आदल्या दिवशीच बजावलं, "बाबा, उद्या प्रश्न नाही. मला ह्याच घरात जायचंय."

काकांनी शब्द दिला. डावा गाल झाला. काका उगाच खोकले, तुरटी दोनदा धुतली, ओठ दाताखाली धरले. पण इतक्या वर्षांची सवय. वस्तरा आपसूक हवेत गेला आणि पाठोपाठ प्रश्नही.

बराच वेळ झाला तरी नवरा येईना, म्हणून काकांच्या घरी थांबलेली मुलाची आई काकांच्या मुलीला घेऊन सलूनमध्ये आली. बघते तर दोघंही आरशासमोर बाकावर आडवे, डोक्याला डोकं लावून. होणारे व्याही अर्धे फेसात.

"आता आडवे झालो ना? म्हणजे माझं डोकं डावीकडे आलं," व्याही तावातावानं सांगत होते.

"डोकं कुठंही गेलं तरी वरच असतं हो," काका ऐकेनात.

मुलीला वाटलं, झालं. ठरलेलं मोडलं, आणि मोडलं ते बाबांनीच.

बाई मात्र दारातच खिळल्या होत्या. "हे... बोलतायत?"

काका धडपडत उठले, वस्तरा उचलला, उरलेला गाल एका मिनिटात करतो म्हणाले.

"राहू दे तो," बाईंनी पर्स खाली ठेवली आणि रिकाम्या खुर्चीत ऐसपैस बसल्या. "आधी लग्नाची तारीख ठरवू. ह्यांना मी उद्यापासून रोज पाठवते. आणि भाऊ, उत्तर सापडलं तरी ह्यांना सांगू नका."