ढगात लावलेला ओळंबा

मला लिहिता-वाचता येत न्हाई. पण भिंत सरळ हाय का वाकडी, ते मी लांबूनच सांगायचो, असा माहा तोरा व्हता. त्या तोऱ्यापायी मी एकदा मरता मरता राहिलो. आन् मरताना बी दुसऱ्यालाच शिकवत व्हतो.

निजामाची राजवट व्हती. पाटोद्याच्या बाजूला माळावर विमान उतरायला जागा साफ केलती. तिथं पेट्रोलचे डबे ठेवायला एक खोली बांधायचं काम आमच्याकडं आलतं. आमच्याकडं म्हंजी मी आन् बीडचे एक म्हातारे मुसलमान गवंडी. त्यांला मी चाचा म्हणायचो. दगड ते बसवायचे, तोंड मी चालवायचो.

एक दिवस हैदराबादेहून विमान आलं. त्यातला बडा साहेब उतरून मोटारीनं गेला. विमान चालवणारा मागं राहिला आन् कंटाळून आमच्या भिंतीच्या सावलीला बसला. मी विमानाकडं टकमक बघतोय म्हणल्यावर म्हणला, "आ मिस्त्री, अंदर से देख ले."

मी आत डोकं घातलं. पुढं घड्याळासारख्या तबकड्याच तबकड्या. एका तबकडीत बारकं विमान काढलेलं, आन् त्याच्या मागं एक पांढरी आडवी पट्टी. पट्टी चांगलीच कललेली. विमान तर सपाट माळावर उभं. तिरकं काई दिसलं की माह्या हाताला खाज सुटती.

"हुजूर, हे बसवणारा कारागीर ताडी पिऊन आलता का?"

तो हसला. "सोया हुआ है वो. हवा लगी तो उठेगा."

मग त्यानं मला नीट समजावलं. तबकडीच्या मागं डबीत एक जड चाक असतंय. विमानाच्या अंगाला बाहेरून पितळी भोंगा व्हता. विमान पळायला लागलं की भोंग्यातून वारा सुटतो, तो नळीनं डबीतली हवा वढून घेतो. मग दुसरीकडून आत शिरणारी हवा चाकाच्या खाचांवर आपटती आन् चाक भवऱ्यावानी गरगर फिरतं. चाक एका कड्यात, ते कडं दुसऱ्या कड्यात. म्हणून डबी कशीबी कलली तरी भवरा आपली जागा सोडत न्हाई. पट्टी त्या भवऱ्याच्या हिशोबानं चालती. पट्टी म्हंजी जमिनीची कड, बारकं विमान म्हंजी आपण. ढगात काईच दिसत न्हाई, तव्हा ह्याच्याकडं बघायचं.

एवढं ऐकून गप बसलो असतो तर मी कसला! कमरेचा ओळंबा, दोऱ्याला बांधलेलं भिंत बघायचं वजन, काढून त्याच्या नाकापुढं धरला. "ह्याला कावून भवरा पायजे? ह्याला वारा लागत न्हाई, झोप लागत न्हाई. टांगला की खाली."

चाचा चुना कालवता कालवता म्हणले, "हुजूर, याला वर न्या. आन् येताना तिथंच सोडून या."

"चल," विमान चालवणारा साहेब म्हणला. "एक चक्कर मारू."

मला न्हाई म्हणायचं व्हतं. पण चाचा बघत व्हते. मी आत बसलो, ओळंबा डोक्यावरच्या नळीला बांधला आन् डोळे मिटले.

डोळे उघडले तव्हा खाली माळ परडीएवढा झालता. तबकडीतली पट्टी मात्र आता सरळ झालती. तेवढ्यात बालाघाटाच्या अंगानं ढग आले आन् आमाला गिळलं. काचेबाहेर नुसता धुनक्यानं पिंजलेला कापूस. खाली डोंगर हायेत एवढंच ठावं.

"माघारी फिरतो," साहेब म्हणला. आता तो हसत न्हवता.

जराशानं मी बघितलं, तर पट्टी कललेली. ओळंबा बघितला, तर सरळ माह्या दोन पायांच्या मधी. अंगाला बी सरळच वाटत व्हतं. भवरा झोपला! भुईवर झोपलता तसाच!

"हुजूर, ते खोटं सांगतंय! माह्याकडं बघा!"

"चुप बैठ."

त्यानं विमान वळवायचा दांडा हलवला आन् पट्टी सरळ व्हायला लागली. तसं मला वाटलं, आपण दुसऱ्या कुशीवर उलटलो. आता मेलो! मी त्याचा हात धरला आन् बोंबलत वढला. इंजनाचा आवाज चढला. वारा किंचाळायला लागला. माहे गाल खाली वढले गेले, मान खांद्यात घुसली. ओळंब्याचा दोरा तारेसारखा ताणला. पण अजूनबी सरळच, पायाच्या मधी! मी त्याच्याकडं देवाकडं बघावं तसं बघत व्हतो.

मधीच ढगाला भगदाड पडलं. बाजूच्या काचेत जमीन उभी व्हती. भिंतीसारखी उभी! ज्वारीची रानं, एक पाण्याची हिर, बैलगाडीची वाट, समदं त्या भिंतीवर टांगलेलं. ओळंबा जमिनीकडं न्हवताच. तो माह्या पायाकडं व्हता.

ढग परत मिटला. साहेबानं कोपर माह्या बरगडीत हाणलं. "हाथ छोड बे! दोनों मरेंगे!"

मी हात सोडला. पण हाताचा भरवसा न्हवता, म्हणून दोन्ही हात बुडाखाली घालून वर बसलो. अंग सांगत व्हतं, पडलो, पडलो, धर! साहेब नुसता त्या पांढऱ्या पट्टीकडं बघत व्हता. पट्टी हळूहळू सरळ झाली. मला तर तव्हाबी उलटं टांगल्यासारखंच वाटत व्हतं. रडत रडत मी बी त्या पट्टीलाच हात जोडले असते, पण हात मोकळे कुठं व्हते?

ढगाखालून बाहेर आलो, तर जमीन पट्टीला धरून, आडवी.

माळावर उतरलो. खाली पाय ठेवला आन् बघतो तर आमच्या खोलीची भिंत कलत चाललेली!

"चाचा, सरका! भिंत पडली!" मी पळत जाऊन भिंतीला पाठ लावली, पाय रोवले.

चाचानं शांतपणे विमानातून माहा ओळंबा सोडून आणला, भिंतीला लावला. दोरा भिंतीला धरून सरळ. "भिंत ठीक है. तूच वाकडा हाईस."

"आता त्यो ओळंबा खोटा हाय, चाचा."

साहेबानं आमची पाण्याची बादली उचलली आन् हात लांब करून डोक्यावरून गरगर फिरवली. बादली उलटी झाली, पण थेंब सांडला न्हाई. "पाण्याला वाटतं बुडाकडंच खाली हाय," तो म्हणला. "तुझा ओळंबा बी त्या बादलीत बसलता. भुईवर बराबर हाय. वर न्हाई."

मला पटलं. डोक्याला पटलं, अंगाला न्हाई. डोळ्याला भिंत अजून कलतच व्हती, म्हणून मी पाठ काढली न्हाई. चाचानं मी सरकायची वाट बघितली. मग थापी उचलली आन् माह्यापुरती जागा सोडून दोन्ही अंगानं भिंतीला गिलावा करून घेतला.