रेडिओमागचा चुना

हे मी आजवर कोणाले सांगितलं नाही. नवऱ्याले नाही, पोरीले नाही. देवापुढे हात जोडले तरी नाही — तिथं तं मी मुद्दाम दुसरंच काही बोलत बसे. तुम्हाले सांगून राह्यली, कारण तुम्ही आमच्या घरातले नाही. मी तशी फटकळ बाई, गल्लीत माझ्या तोंडाले सारे भितात. पण ही एक गोष्ट — जीभ उचलतच नाही. मधीच थांबली तं थांबू द्या.

महाराष्ट्र होऊन दोन-तीन पावसाळे झाले असतील. आम्ही पांढरकवड्याले राहू. मामाजी, म्हणजे माझे सासरे, आमचे हे — कापसाच्या जिनात कारकून — मी, धाकटा दीर नामदेव अन् त्याची बायको कमल. नामदेव भाऊजी ट्रकवर होते. नागपूर-हैदराबाद रस्ता, घरी कधी असत, कधी नसत. कमलची खोली मागच्या अंगाले, नाल्याकडची. आषाढ लागला की तिथल्या भिंतीले कमरेइतकी ओल चढे. गादी उचलली तं खाली बुरशी. अन् कमलले दमा! पावसाळ्यात तिची छाती अशी वाजे की माझ्या खोलीत ऐकू ये.

माझ्या खोलीत रेडिओ होता. मोठ्या बॅटरीवर चालणारा, गल्लीतला पहिला. संध्याकाळी बाया येत, दाटून बसत. बटन फिरवायचं तं मीच, दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. काय मिजास होती बापा माझी! अन् त्या पावसाळ्यात तो घरघरायले लागला. गाणं कमी, खरखर जास्त. बाया एकमेकीच्या तोंडाकडे पाहून हसत.

बसस्टँडजवळच्या रेडिओ-मिस्त्री युसूफभाईंनं घरी येऊन तो उघडला. म्हणे, भाभी, मशीन अच्छी आहे, हवा ओली आहे. त्याच्यामागे कळीच्या चुन्याचे डेले, म्हणजे ढेकळं, ठेवा. डेला हवेतली ओल पिते. पिऊन पिऊन फुटला, त्याचं पीठ झालं, की तो संपला, नवा ठेवा. पाणी मात्र लागू देऊ नका, उकळते. ते त्यांच्या दुकानातलं कपाट असंच कोरडं ठेवत.

नामदेव भाऊजी तिथंच उभे होते. त्यायचं ध्यान लगेच बायकोकडे गेलं. रेडिओले चालते तं माणसाले काहून नाही?

पण मामाजीले हे पटेना. त्यायचं म्हणणं, ओल्या खोलीत कोळशाची शेगडी ठेवावी, दार लावून घ्यावं, दुसरं काही नाही. धुरानं कमलचा जीव कासावीस होई, हे साऱ्याले माहीत होतं. भाऊजीनं बापाच्या अक्षरशः हातापाया पडून कबूल करून घेतलं — पोळ्यापर्यंत चुना पाहू, भिंत सुकली नाही तं मंग तुमची शेगडी. वणीकडच्या भट्टीवरून त्यायनं डेल्यांचा मोठा डबा आणला, झाकण मेणानं बंद केलेला. दोन डेले मले रेडिओसाठी दिले. बाकी डबा कमलचा, तिच्या खाटेखालच्या घमेल्यात ठेवायले. चुन्याची भुकटी तिच्या छातीले सोसणार नाही म्हणून बदलायचं काम माझ्याकडे. ट्रकवर जातानी म्हणाले, वहिनी, तुमच्यावर सोपवून जातो.

तुमच्यावर सोपवून जातो — ऐकलं ना तुम्ही?

आठवड्यात माझे डेले फुटले. रेडिओ पुन्हा घरघरला. मी डबा उघडला. एकच घेते म्हटलं. मंग आणखी एक. पावसानं भट्टीचा रस्ता बंद, नवा चुना येणार नाही, हे मले ठाऊक होतं. तरी घेत गेली. शेवटी तं असं झालं की ताजे डेले सारे रेडिओमागे अन् कमलच्या खाटेखालच्या घमेल्यात नुसतं पीठ. वरून फडकं बांधलं, म्हणजे कोणी पाहायले नको.

काहून केलं? रेडिओसाठी? ... नाही वो. कमल आली तवापासून घरात जो तो तिच्याच श्वासाचं विचारे. झोपली का, जेवली का, खोकली का. मले कोणी काही विचारत नसे. रेडिओ लागला की मात्र सारे माझ्याकडे पाहत. हे कारण म्हणून नाही सांगत. तसं होतं, एवढंच.

अन् कमल, येडी, रोज माझ्या खोलीत येऊन बसायले लागली. रेडिओच्या अगदी बाजूले, भिंतीले टेकून. एक दिवस म्हणाली, "बाई, तुमच्या खोलीत मले बरं वाटते. छाती मोकळी होते."

मले वाटलं, हिनं मागे हात घातला तं? दुसऱ्या दिवसापासून मी सांगायले लागली, बॅटरी उतरली, रेडिओ बंद आहे. दार ओढून घेई. ती उंबऱ्याशी येई, जराशी उभी राही अन् परत जाई. तिच्या छातीचा आवाज नाल्याकडच्या खोलीपर्यंत जातानी ऐकू ये. मी आत बसून ऐकत राहे. एक दार उघडायले काय लागते?

पोळा आला. मामाजीनं भिंतीले हात लावला, तळवा ओला झाला. खाटेखालचं घमेलं ओढून फडकं सोडलं, पीठ पाहिलं. मंग काय! "पाहा तुमचा चुना! त्या मिस्त्रीनं आपल्याले येडं बनवलं." युसूफभाई रस्त्यानं चालले होते, त्यायले दारात थांबवून चार लोकांत नाही नाही ते बोलले. मी दाराआड उभी होती. तो माणूस पुन्हा आमच्या घरी आला नाही.

शेगडी पेटली. दार लागलं. कमलनं आतून एकदा हाक मारली, "बाई, दार जरा उघडा." मी उघडलं. मामाजी ओरडले, ऊब जाते. मी लावून घेतलं.

दसऱ्याच्या आत ती गेली. भर दुपारी, खाटेवर बसल्या बसल्या, हवा ओढता ओढता. भाऊजी हैदराबादकडे होते. आले तवा सारं उरकलं होतं. मले एवढंच विचारलं, "वहिनी, चुना बदलला होता ना वेळेवर?"

मी म्हटलं, "हो भाऊजी. सारा डबा तिलेच लावला."

त्यायनं माझ्या पायावर डोकं ठेवलं. तुम्ही लय केलं तिच्यासाठी, म्हणाले. मी पाय मागे घेतले नाहीत.

तेरावं झाल्यावर मामाजी म्हणाले, ती खोली पांढरी करून घ्या. रेडिओमागच्या डेल्यांचंही तोवर पीठ झालं होतं. मी ते काढलं, बादलीत कालवलं अन् स्वतःच्या हातानं कमलची भिंत पोतली. बादली भाऊजीनं धरली होती. ओसरीतल्या बाया म्हणत होत्या, जाऊ असावी तं अशी.

पुढच्या आषाढात भिंतीले पुन्हा कमरेइतकी ओल चढली.

रेडिओ त्याच्यानंतर लय वर्षं चालला. स्वच्छ वाजे. मी रोज लावला.