लाल शाईतला विलंब

लोहाऱ्याच्या शाळेत मी नववीला युद्धगुन्हे आणि मानवी हक्क शिकवत होतो. नुसत्या व्याख्या घोकणाऱ्यांचा मला राग येतो, म्हणून सास्तूरच्या एका निवृत्त फौजींना वर्गात बोलावलं. शांतिसेनेत असताना परदेशात त्यांनी एक गाव पाहिलं होतं, माणसं मारून पेटवून दिलेलं. "साक्षीदाराचा एक शब्द बदलायचा नाही," असं बजावून मी मुलांना त्यांचं बोलणं उतरवून घ्यायला लावलं. बोलणं संपल्यावर ते बराच वेळ गुडघ्यावरची टोपी नुसतीच फिरवत बसले.

वह्या तपासताना एका मुलीच्या पानावर होतं, 'एका घरात चूल अजून गरम व्हती. गावात जितं माणूस न्हवतं. आमी उशिरा गेलो.' माझं लाल पेन सवयीनं चाललं. 'व्हती'चं 'होती' केलं, 'न्हवतं'चं 'नव्हते'. शेवटचं वाक्य खोडून वर लिहिलं, 'पोहोचण्यास विलंब झाला.'

दुसऱ्या दिवशी ती मुलगी वही घेऊन टेबलापाशी आली. त्या ओळीवर बोट ठेवून हळूच म्हणाली, "बाकीचं चालंल, सर. पण ह्यातलं 'आमी' कुठं गेलं?"